निर्गुडीच्या दोन प्लेट्स

६ नोव्हेंबर २०१७, डहाणू

मी जीवन दामोदर सावे, वय चोपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर. महाविद्यालयाच्या रसायन प्रयोगशाळेत सव्वीस वर्षे भांडारपाल. निर्गुडीच्या पानांच्या अर्काची तपासणी आजपासून सुरू झाली. तिची अचूक हकीकत कुठेतरी असावी, म्हणून ही वही. येथे खोटे लिहिणार नाही.

पाने तलासरीकडची. आमचा परिचर सुदाम, त्याची आत्या रखमी झाडपाल्याचे औषध देते. तोडून तीच देते. वाळवायची कशी, असे हे संशोधन करणाऱ्या प्राध्यापिका हर्षदा मॅडमनी विचारले. मी तत्काळ सांगितले — ओव्हन, साठ अंश, अठ्ठेचाळीस तास. सुदाम म्हणाला, "सावलीत सुपावर घालू, मॅडम. आत्या तसाच करते. धग लागली का पाला मेला."

मॅडम हसल्या. "दोन्ही करून बघू."

माझी सूचना आणि त्याची सूचना — एकाच पारड्यात!

१४ नोव्हेंबर

सुदामने वाळलेले पान चुरगाळून मॅडमपुढे धरले. मॅडम डोळे मिटून हुंगत राहिल्या. मी दोन्ही नमुन्यांची वजने मिलिग्रॅमपर्यंत जुळवली होती. ती कोणी पाहिली नाहीत. "सुदामला विचारा" हे शब्द दिवसभरात सात वेळा. मी मोजले.

१६ नोव्हेंबर

शोधनिबंधात आभाराची एक ओळ असणार. "ज्याची पद्धत सरस उतरेल त्याचं नाव," मॅडम म्हणाल्या. सव्वीस वर्षांत माझे नाव फक्त हजेरीपटावर छापले गेले आहे.

२१ नोव्हेंबर

दोन्ही अर्क जंतूंच्या प्लेट्समध्ये घातले. अर्क जिथे जंतू मारतो तिथे स्वच्छ कडे उमटते. जितके रुंद, तितके पान गुणकारी. लेबले मी झाकणांवर लावली, सुवाच्य.

"बुडाला पण लिवा ना सायेब. मॅडम नेहमी सांगतात."

"भांडार तू सांभाळतोस की मी?"

सुदाम हसला आणि प्लेट्स उबवण्याच्या कपाटात ठेवायला घेऊन गेला.

२२ नोव्हेंबर

सर्वांच्या आधी पोचलो. सुदामच्या प्लेटमध्ये चौदा मिलिमीटरचे कडे. माझ्या प्लेटमध्ये काहीच नाही. काहीच!

झाकणे आपसांत बदलली.

साडेदहाला मॅडम मोठ्याने म्हणाल्या, "सावे, तुमचा ओव्हन जिंकला!" फोटोसाठी सुदामने प्लेट उजेडात धरली, आणि त्याचा अंगठा फोटोत आला. एवढेही धड जमत नाही!

१३ डिसेंबर

दुसरी खेप सगळी ओव्हनमध्ये वाळवलेली. सहा प्लेट्स, एकीतही कडे नाही. मॅडम सुदामवर चिडल्या — "आत्यानं दुसरीच पानं दिली का रे? यापुढे तिच्याकडून नको."

सुदाम प्लेट्स गोळा करू लागला. मी वजने लिहीत बसलो.

१५ डिसेंबर

रखमी आली. तलासरीहून दोन जीपा बदलून, हातात निर्गुडीची फांदी. मॅडम बैठकीत होत्या. तिला बाकावर मीच बसवले.

"ह्याच झाडाचा पाला माझी सासू देत व्हती. मी लोकांना खोटा पाला देन? तुमी मोठे सायेब. तुमी सांगा त्यांना."

मी तिला पाणी दिले.

१८ डिसेंबर

फ्रीजमधल्या जुन्या प्लेट्स टाकण्यासाठी काढल्या. जिंकलेली प्लेट उलटी केली. बुडाला काचेवर लिहायच्या पेन्सिलीने एकच अक्षर — सु.

बरोबर तिथे, जिथे फोटोत अंगठा होता.

१९ डिसेंबर

सुदामला विचारले — का झाकलेस?

"मॅडमनी तुमचा नाव घेतला तवा तुमचा तोंड बघितला, सायेब. पोराच्या बारशाला बाप हसतो ना, तसा. म्हटला, राहू दे." मग त्याच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. "पण आत्याला खोटी ठरवली. आता मी बोलू, का तुमी बोलता?"

त्याने माझ्यासाठी अंगठा धरला, त्या मोठेपणाचाही मला हेवाच वाटला!

२० डिसेंबर

झाकणे मी बदलली. पाने रखमीबाईंची, खरी. वाळवली सुदामने.

"सात वेळा" ही ओळ खोडावीशी वाटली. खोडली नाही. ही वही मॅडमच्या टेबलावर ठेवत आहे.

जीवन दामोदर सावे
डहाणू, २० डिसेंबर २०१७