मागच्या सीटची शिवण

६ जानेवारी, सोमवार
आजपासून कामाला लागलो. नेपानगरहून सकाळीच बुऱ्हाणपूरला उतरलो आणि इच्छापूरच्या रस्त्याने रिक्षा केली. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आणि मध्ये पत्र्याचं लांबलचक, स्वच्छ शेड. इथे श्रीमंतांच्या परदेशी गाड्या आतून नव्याने तयार होतात. सीटा, दारांचं अस्तर, स्टिअरिंगवरचं चामडं, सगळं हाताने शिवलेलं. एकेका गाडीला चार महिने लागतात. राहायला शेडमागे खोली मिळाली. खिडकी उघडली की केळीचं पान आत येतं. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

उस्ताद गिरधरभाऊंनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले. आधी काय करायचा, विचारलं. कागदाच्या मिलमध्ये ठेक्यावर होतो, म्हणालो. "कागजवाला है, हात हलका असेल," म्हणाले. दोन वर्षांपासून शिकणारी मोनाली म्हणाली, "दादा, पहिला महिना फक्त बोटं शिवशील." सगळे हसले. मीही हसलो.

पूनमबद्दल कुणाला सांगितलं नाही.

१९ जानेवारी, रविवार
दोन सुयांचा टाका जमू लागला. एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी सुई जाते, म्हणून एक धागा तुटला तरी शिवण उसवत नाही. माझे इंचाला सात टाके बसतात. पूनम ब्लाउजला हातशिलाई करायची, तिचे इंचाला अकरा बसायचे. मी शेजारी बसून मोजायचो आणि ती चिडायची.

दुपारी देडतलाईहून सासूबाईंचा, मथुराबाईंचा फोन आला. दिवाळीत पूनम आठ दिवसांच्या तापाने गेली, तेव्हापासून त्या दर रविवारी फोन करतात. तिचे सगळे कपडे तापीत सोडले ना, असं त्यांनी आज पुन्हा विचारलं. त्यांच्याकडे ती रीत आहे. कपडा मागे राहिला तर माणूस त्यात अडकतं म्हणतात. सोडले, म्हणालो.

एक हिरवी सुती साडी माझ्या उशाखाली आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार
काळ्या गाडीची मागची सीट उस्तादांनी माझ्याकडे दिली. खाली स्प्रिंगा, मग घोड्याचे केस, मग सुती कापडाचा थर, वर चामडं. डाव्या बाजूला कापड कमी पडलं. मी खोलीतून साडी आणली, चार घड्या केल्या आणि तिथे पसरली. इतक्या जपून केलेल्या वस्तूत ती राहील, तिला कुणी फेकणार नाही, एवढंच मनात होतं.

शेवटची शिवण घालण्याआधी उस्ताद सीटवर हात ठेवून विचारतात, "अंदर क्या है?" शिकणाऱ्याने म्हणायचं, "काम आहे, दुसरं काही नाही." त्याशिवाय ते सुई देत नाहीत.

मी तसं म्हणालो. त्यांनी सुई दिली.

१७ फेब्रुवारी, सोमवार
खोटं बोललो ते मनातून जात नाही.

आज तपासणीसाठी चामड्यावर पांढरी पूड टाकली. डाव्या बाजूला कुणी बसून उठल्यासारखा खळगा दिसला. उस्ताद रागावले. मोनाली म्हणाली, "उस्ताद, हाच लोळला असेल, साहेबाची गाडी समजून." वाफ दिली, खळगा गेला. जेवून आलो तर पुन्हा होता.

एक पाय दुमडून बसल्याचा खळगा. पूनम तशीच बसायची.

२० फेब्रुवारी, गुरुवार
सगळे बाहेर जेवायला बसतात, तेव्हा मी सीटजवळ थांबतो. चामडं गरम लागतं. मी बोलतो, आणि चामडं थोडं वर येतं, खाली जातं. तीन महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. हे लिहायला नको, पण खरं आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार
सासूबाईंचा फोन, रविवारची वाट न पाहता. चार दिवस पूनम स्वप्नात येते म्हणाल्या. तोंड उघडते पण आवाज नाही, गळ्याशी काहीतरी ओढत असते. हवा मिळत नसल्यासारखी. त्या रडत विचारत होत्या, जावईबापू, काही ठेवलं तर नाही ना.

नाही, म्हणालो. फोन ठेवला.

मी तिला कोंडलंय.

२४ फेब्रुवारी, सोमवार
उस्तादांना सगळं सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. त्यांनी हातातली सुई खाली ठेवली. मग म्हणाले, तूच शिवलं, तूच उसवशील, दुसऱ्याच्या हाताने नाही होत. गुरुवारी गाडी जाणार. बुधवारी शिवरात्रीची सुट्टी आहे, शेड रिकामं असेल, दिवसाउजेडी कर.

शिवण पाहून आलो. मी सात टाके घातले होते. आता अकरा आहेत.

२५ फेब्रुवारी
अकराच. सगळीकडे अकरा. मोनालीला सगळं सांगितलं, तिनेही मोजले. हसली नाही. तिने तिचं पातं मला दिलं, म्हणाली, दादा, मी नाही थांबत.

चामडं अजून वर-खाली होतं. पण फार हळू. मध्ये मध्ये थांबतं.

२६ फेब्रुवारी, सकाळ
उसवायला बसलो. चार टाके कापतो तोवर मागचे दोन पुन्हा घातलेले. आतून. तिला वाटतंय मी अजून शिवतोच आहे, म्हणून ती मदत— मला थांबवता येत नाही—

साडेअकरा
हात आत गेला. साडी सापडली. ओढली. ओली आहे, तापलेली—

बारा
साडी बाहेर आली. पूर्ण. जमिनीवर आहे. मोकळी झाली असं वाटलं. सीट सपाट झाली.

मग उजवा हात काढायला गेलो. आत तिचा हात. माझ्या हातात.

डाव्या हाताने लिहितोय

तिने धरलेलं नाही. मीच धरलंय. ती ढकलते आहे, बाहेर, दोन बोटांनी, ताप होता तेव्हा जेवणाचा डबा ढकलायची तसं. जा म्हणतेय. सोड म्हणतेय.

शिवण मनगटावर आली. तिची नाही, इंचाला सात टाके, माझीच. धागा कातडीतून जातो. दुखत नाही

सोडलं तर मी सुटतो. तीही. एवढंच करायचं आहे

बोटं उघडली होती. एकदा. तिचा हात सरकला आणि आत इतकं थंड, इतकं रिकामं

परत पकडला

ती रडते आहे. शिवण कोपरापर्यंत. पूनम, एवढं एक मिनिट, मग सोडतो, खरंच सोड—