बहुधा जळालेलं ट्रॉय

३ जून
ट्रॉयचा लाकडी घोडा खरंच होता का? मला सांगता येत नाही. प्राचीन इतिहासात पदवी घेतली, घरातली पहिली पदवीधर झाले, पण तीन वर्षांत हा प्रश्न इतका सरळ कुणी विचारलाच नव्हता. आज दादाने विचारला. त्याच्या हेवी मेटल बँडचं नवं गाणं ट्रॉयवर आहे. घोडा, पळवलेली राणी, रक्ताचा समुद्र, सगळा ऐवज.

पंधराला स्पर्धा. जिंकले तर स्टुडिओत रेकॉर्डिंग. हरले तर दादा दुसऱ्या दिवसापासून रंगाच्या कारखान्यात, पॅकिंगला, आणि बँड बंद. बाबांचा गुडघा आता स्कूलबसचा क्लच दाबू देत नाही. आम्हा भावंडांपैकी एकाचा पगार घरात यायलाच हवा, म्हणतात. माझा प्रश्नच येत नाही. पदवीधर माणूस डब्यांना झाकणं लावत बसत नाही.

ठरवलं: बँडची इतिहास सल्लागार व्हायचं. दादा म्हणाला, तू फक्त ऐक गं. म्हणजे संमती.

६ जून
शेडमध्ये तालीम. घोडा काढला. पुरावा नाही. राणी काढली. तिचाही पुरावा नाही, आणि सगळं खापर बाईच्या माथी किती दिवस फोडायचं? ड्रमवाल्याने विचारलं, मग भांडण कशावरून? (हा टायरच्या दुकानात असतो. टोपणनाव ढगफुटी.) म्हटलं, बहुधा सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांच्या जकातीवरून. त्याने काठ्या खाली ठेवल्या. मग तो म्हणाला, म्हणजे टोलनाक्यावरून दहा वर्षं मारामारी? गिटारवाला डेंटिस्टकडे कंपाउंडर आहे. तो म्हणाला, होते रे, मी बघितलीय.

दहा वर्षंही काढली. ‘काही काळ’ लिहिलं.

१० जून
गाणं आता सहा ओळींचं, पण निर्दोष. ध्रुवपद: ‘बहुधा जळालं! बहुधा जळालं!’ दादा म्हणतो, ‘बहुधा’वर डरकाळी फुटत नाही. सराव कमी पडतोय, दुसरं काय.

संध्याकाळी तो घरी सराव करत होता. खालच्या काकू धावत वर आल्या. अगं, त्याच्या घशात काही अडकलंय का? आई म्हणाली, हो, इतिहास.

आईला विषयाचं गांभीर्य नाही.

१३ जून
आज लक्षात आलं. दादा गातो तेव्हा एकही शब्द कळत नाही. मिक्सरमध्ये खिळे टाकल्यासारखं. म्हणजे माझं संशोधन पाण्यात! उपाय सापडला: गाण्याआधी मी दोन शब्द बोलायचे. दादाने हात जोडले. मॅडम, दोनच. एवढी एकच संधी आहे गं.

कलाकार मंडळी फार घाबरट.

१५ जून, संध्याकाळ
श्रोत्यांची इयत्ता कळली. ट्रॉयच्या टेकडीखाली एकावर एक नऊ शहरं पुरलेली आहेत, एवढंच सांगायचं होतं. पण शहरं सांगायची तर क्रमाने नको? सहाव्या थराला पोचले आणि घंटा वाजली. निवेदनाचा वेळही गाण्याच्या वेळात धरतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नियमावलीत होतं म्हणे. ती वाचायला सवड कुणाला होती?

बँडला जेमतेम मिनिटभर मिळालं. दादाने माझ्या सहाही ओळी सोडल्या आणि थेट घोडा आणला. अख्खं मैदान उभं राहिलं. लोक घोडा, घोडा ओरडत असतानाच आयोजकांनी आवाज बंद केला. बाद.

परीक्षक म्हणाले, गायक जबरदस्त आहे, पण ती बाई कुणी आणली?

टेम्पोत परत येताना सगळे माझ्याकडे पाठ करून बसले. ढगफुटीसुद्धा.

१५ जून, पुन्हा
दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त बाबांना विचारलं, कारखान्याची बस कुठून सुटते? मग स्वतःच जेवणाचा डबा घासून ठेवला.

कारणं लिहायला घेतली. माइक खराब. श्रोते अडाणी. परीक्षक पूर्वग्रहदूषित. पान भरलं. एकाचाही पुरावा देता येईना.

१६ जून, जेवणाची सुट्टी
दादा उठायच्या आत निघाले. पॅकिंगच्या साहेबांनी विचारलं, मुलगा येणार होता ना? म्हटलं, त्याला तालीम आहे. शिक्षण? बी.ए., प्राचीन इतिहास. चालेल की, म्हणाले, झाकणांवर तारखाच टाकायच्या आहेत.

सकाळपासून शिक्के मारतेय. हजेरीपटावर दादाचं नाव होतं. ते खोडून माझं लिहून घेतलं.