भिवाचा वस्तरा

कार्तिक व. ३, ठाणे
भिवा न्हाव्यापुढे बसलो. वाटीतले पाणी गढूळ, वर कुणाचे तरी केस. "हे कुणाचे रे?" "आपलीच पहिली दाढी, रावसाहेब." साफ खोटे. त्याच्याकडून उठून गेलेला कारकून मला वाटेत भेटला होता; हनुवटीभर फोड. तरी बसलो!

व. ७
हनुवटीला पुळ्या, पिवळ्या. कचेरीत लिहिताना बोट सारखे तिथेच. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, वस्तरा उकळत्या पाण्यातून काढायला लावा, नाहीतर स्वतःचा ठेवा. भिवाला सांगितले. म्हणे, "धार जाते." धार की दुसरे काही?

व. ८
जेवताना एकदम ध्यानात आले. आईच्या डोक्यावरून फिरतो तोच वस्तरा द्वारकाच्याही. धाकटी बहीण, नवरा जाऊन वर्ष होते आहे. माझ्या आधी तिला करतो की नंतर? कधी विचारलेच नाही.

व. ९
आईने तिचा पदर मागे घेतला. कानामागे जखम, पू. "बोलली का नाहीस?"
"बोलून कोण थांबणार होतं, दादा?"
डॉक्टरांचे मलम आणले. सुकेपर्यंत वस्तरा लावायचा नाही.

मार्गशीर्ष शु. ४
भिवा आला, दारातूनच परत पाठवला. संध्याकाळी शेजारचे दामूअण्णा हजर. "डॉक्टरचं निमित्त बरं सापडलं हो तुम्हाला." बोलत होते माझ्याशी, नजर माजघराकडे. त्यांना कुणी सांगितले? भिवानेच.

शु. ११
वडिलांचे श्राद्ध जवळ आले. भटजींचा निरोप: घरात सकेशा विधवा असता पानावर बसणार नाही. आई जेवली नाही.

शु. १३
कल्याणच्या बाजारातून नवा वस्तरा आणला, माझ्यासाठी. आईने हातात घेऊन पाहिला. "कोरा आहे ना? उकळून घेऊ. मग भिवाने ह्यानेच तिचं केलं तर काय बिघडलं?"
भीती वस्तऱ्याची होती ना? मग आता कसली?
द्वारका चुलीशी होती. ऐकले असणार.

पौर्णिमा
मलमाची डबी भरलेलीच. इतक्या दिवसांत जखम सुकायला हवी होती. विचारले तर म्हणते, "लावते की." संशय येतो. मनात आलेले लिहवत नाही.

व. १
भटजी स्वतः आले. श्राद्ध उद्या. भिवाला अंगणात बसवून ठेवलेले, नवा वस्तरा आईने उकळून ताटात ठेवलेला. मला म्हणाली, "तूच बघ. सुकलं असेल तर आत्ताच उरकू."
परसदारी उजेडात पाहिले. बोटाच्या अर्ध्या पेराएवढे मऊ केस आलेले. जखमेची खपली अर्धी निघालेली, कडेला ताजे रक्त. तिच्या नखातही.
"झोपेत लागलं असेल," द्वारका म्हणाली. मान वर केली नाही.
आईने आतून विचारले, "काय रे, सुकलं का?"
"नाही," म्हणालो. "ओलं आहे अजून. डॉक्टरांना दाखवायला हवं."
द्वारकाने पदर ओढून घेतला. भटजी अजून ओसरीवर बसून आहेत.