पाइपवर भंडारा

चामराजपेट, बेंगळूरु
दसऱ्यानंतरचा रविवार

ती. पद्मनाभमामांच्या पायांशी तनयचा दंडवत. (जमिनीवर पालथा पडून, ट्रंकेवर कागद ठेवून लिहितोय, तेव्हा दंडवत शब्दशः घ्यावा.)

इकडे मी बरा आहे, म्हणजे जेवतो आणि झोपतो. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का? वखारीतल्या मांजरीला पिल्लं झाली असं आई फोनवर म्हणाली. त्याच फोनवर, तुम्ही माझ्या नावाने आंघोळ केलीत असंही म्हणाली. निपाणीत पहाटे गारठा पडायला लागला असेल, तेव्हा पाणी तापवून घेतलं असेल अशी आशा करतो. मीही फोनच करणार होतो, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून बोलता आणि पलीकडून कल्लाप्पा दिवाणजी सल्ले देतात. हा विषय दिवाणजींचा नाही.

कॉलेज सुटलं, त्याबद्दल पुन्हा लिहीत नाही. ज्या सरांनी भर वर्गात माझ्या ड्रॉइंगला रांगोळी म्हटलं, त्यांना मी त्याच वर्गात जे म्हटलं ते मला आजही बरोबर वाटतं. सध्या काय करतोस, असं तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. जुने पाइप दुरुस्त करतो. नळाचे नव्हेत. (आई सगळ्यांना तसंच सांगते आहे, आणि मावशीने मला मोरीतला गळका नळ बघायला बोलावलंय.) तंबाखू ओढायचे पाइप, साहेब लोक चावून टाकून गेले ते. इथल्या जुन्या बाजारात फुटपाथवर गंजक्या कात्र्या-कुलपांच्या ढिगात एखादा सापडतो. आतला जळका थर खरवडायचा, दातांत धरायची काळी नळी हिरवट पडलेली असते ती बारीक पॉलिश पेपरने घासायची, लाकडाला मेण द्यायचं, आणि क्लबातले म्हातारे तो हातात घेऊन हळवे होतात. तुम्ही हसाल. पण आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू विकतात आणि कुणी चिमूटभर तोंडात घालत नाही. तसा मी पाइप विकतो आणि ओढत नाही. घराण्याची रीत मी सोडलेली नाही, हे आईला सांगायला हरकत नाही.

आता मुद्दा. जयनगरात रघुपतीराव म्हणून गृहस्थ आहेत, भूगर्भ खात्यातून निवृत्त. घर मराठीच, पण इतक्या पिढ्या इकडे काढल्यात की त्यांच्या मराठीत दर दोन घासांना कन्नडचा खडा लागतो. त्यांचा एक पाइप त्यांची मुलगी भव्या माझ्याकडे घेऊन आली. भव्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही. (हेब्बाळला ऑफिसात आहे. डावखुरी आहे. रागावली की कन्नडमध्ये जाते. बास.)

पाइप मिअरशॉमचा. हा एक पांढरा, हलका, समुद्रफेसासारखा दगड. त्यातून कोरलेलं मुंडकं: डोईला पागोटं, भरघोस दाढीमिशा, कुणी तुर्की सरदार असावा. या दगडाची खोड अशी की त्याला जे लागेल ते तो पितो. धूर पीत पीत वर्षांनी पांढऱ्याचा सोनेरी होतो, आणि त्या रंगासाठी शौकीन लोक हयात घालवतात. रघुपतीरावांनीही घातली, पण सरदार जेमतेम सायीइतकाच पिवळट झाला होता. माझ्याकडे आला तो फक्त नळी सैल झाली म्हणून. काम एका दुपारचं. ते मी उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंत चालवलं, कारण पाइप माझ्याकडे असेपर्यंत भव्या चौकशीला येणार होती. कधी मेण वाळायचं होतं, कधी नळी मुंबईहून यायची होती, एकदा तर हवा दमट आहे असंही सांगितलं. ती ऐकून घेई, जिन्यात बसून पुडीतले शेंगदाणे खाई आणि जाई.

आयुधपूजेच्या दिवशी मी दुसऱ्याच कुणाचा पाइप पोचवायला हेब्बाळला गेलो. (हेब्बाळलाच का, ते वर कंसात आहे.) त्या दिवशी इथे रिक्षापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं. आमच्या घरमालकीण महानंदाक्का हावेरीकडच्या, मनाने मोठ्या. परक्या पोराच्या हत्यारांची पूजा कोण करणार, असा विचार करून त्यांनी आपल्याकडच्या किल्लीने माझी खोली उघडली. कानशी, ब्रश, ओळीने मांडलेले लाकडी पाइप, सगळ्यांना बोट लावलं. ते पुसून निघालं. पण कोपऱ्यात जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला तुर्की सरदार त्यांना सापडला. पागोटं, मिशा, रुंद कपाळ. अक्कांचं कुलदैवत मैलारलिंग, म्हणजे आपला खंडोबा. पुढचं तुम्ही ओळखलं असेल.

मी परतलो तेव्हा सरदार पाटावर बसले होते. आधी तुपाचा हात, मग कढत पाण्याने स्नान, मग भंडारा. कपाळापुरता नव्हे, आपादमस्तक. समोर निरांजन आणि गूळ-चुरमुरे.

“अक्का, काय केलंत हे!” मी ओरडलो.

“मी काय केलं? देवाला बनियनात कोण गुंडाळतं रे तम्मा? तेही फाटक्या?”

“अहो, देव नाही तो! पाइप आहे!”

“मैलारप्पा पाहिजे त्या रूपात येतो,” अक्का शांतपणे वात पुढे सारत म्हणाल्या. “पण तू असा बोंबललास तर राहायचा नाही.”

त्यावर मी जे बोललो त्यामुळे अक्कांकडची रात्रीची ज्वारीची भाकरी बंद झाली, ती अजून बंद आहे.

स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, तर जिथे हळद कमी होती तिथेही ती पोचली. उन्हात ठेवला, तर तूप पातळ होऊन आणखी आत मुरलं. वैतागून मेण दिलं, तर झळकायलाच लागला. म्हणजे मी बिघाड जितका काढत गेलो तितका तो देखणा होत गेला. शेवटी भव्याचा निरोप आला, अप्पा म्हणतात आता आहे तसा आण. गेलो.

रघुपतीरावांनी पाइप खिडकीशी नेला. दगडांत जन्म घालवलेला माणूस, पण नुसता फिरवून फिरवून बघत राहिला. मग ओरडले, “प्रमोदिनी, इकडे ये गं! बंगार! बंगार झालाय!” (बंगार म्हणजे सोनं.) मला म्हणाले, “कसं केलास रे? मला नाही जमलं इतक्या वर्षांत. बस, स्वल्प बस.” भव्या दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल आदर दिसला. तो मी पहिल्यांदाच बघत होतो, म्हणून गप्प बसलो.

मग त्यांनी पाइप भरला आणि पेटवला.

मामा, तापलेल्या तुपात हळद पडली की काय होतं ते मामींना विचारा. प्रमोदिनीकाकू स्वयंपाकघरातून धावत आल्या, “अय्यो, फोडणी कुणी ठेवली? जळते आहे!” रघुपतीराव डोळे मिटून म्हणाले, “गप्प गं. जुना मिअरशॉम असाच वास देतो.” भव्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ओढणीचा बोळा तोंडात कोंबून गॅलरीत पळाली.

तिथेही गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण ते पुन्हा पुन्हा म्हणायला लागले की या पोराच्या बोटांत विद्या आहे, आणि खोट्या स्तुतीने माझं डोकं खऱ्या निंदेपेक्षा जास्त फिरतं. मी उठून उभा राहिलो. “विद्या नाही, हळद आहे! मैलारप्पाचा भंडारा आहे! आमच्याही घरचा तोच देव आहे, आणि खाली गाईचं तूप आहे!” असं सगळं सांगून टाकलं. पाइप उन्हाळ्यापासून मुद्दाम दाबून ठेवला हेही सांगितलं. का, ते सांगितलं नाही; पण काकूंनी गॅलरीकडे पाहिलं.

रघुपतीरावांनी पाइप हलकेच टेबलावर ठेवला. त्या पागोट्याकडे बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, “सरी, ठीक आहे. तुझं मोठं माणूस कोण आहे? त्यांना घेऊन ये पुढच्या रविवारी.”

एवढंच. रागावले म्हणावं तर कॉफी पाजली. खूश झाले म्हणावं तर पुढे एक शब्द बोलले नाहीत.

बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार.

आपला भाचा,
तनय

ता. क. मोठं माणूस म्हणजे तुम्ही. बाबांना आणण्यात अर्थ नाही; ते आले तर रघुपतीरावांना काही करायला शिल्लक ठेवणार नाहीत. शनिवारच्या रात्रीच्या गाडीने निघा. माझ्या मते लग्नाचंच बोलणं आहे, तेव्हा इस्त्रीचे कपडे. त्यांनी पाइप पुढे केला तर नाही म्हणू नका, नुसता दातांत धरा. कॉलेजचं निघालं तर ‘शिकतोय’ म्हणा. काय, ते सांगू नका.

ता. क. दुसरा. भव्या आत्ता आली आणि हे पत्र ओढून घेऊन वाचलं. मी अडवलं, तर कन्नडमध्ये गेली. पुढच्या ओळी तिच्या:

श्रीयुत मामा, (श्रीयुत अशासाठी, की तुम्ही माझे मामा लागता की नाही ते ठरलेलं नाही.) अप्पांनी तुम्हाला लग्नासाठी बोलावलेलं नाही. भंडारा लागलेल्या देवाला आपण पेटवलं, आता काय करायचं, या काळजीत ते आहेत. पाइपला हात लावत नाहीत, आईला लावू देत नाहीत. तुमच्या घरचाही तोच देव, म्हणून मोठं माणूस पाहिजे. लग्नाचं म्हणाल, तर पाइपबद्दल सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं. मला कुणी काही विचारलेलं नाही. ह्यानेसुद्धा. उन्हाळ्यापासून मी ह्याच्या जिन्यात बसतेय, ते काय मेण वाळायची वाट बघत? तुम्ही या आणि ह्याला निदान विचारायला शिकवा. भव्या.

ता. क. तिसरा. विचारलं. आवाज चढला होता, त्यामुळे खालून महानंदाक्काही जिन्यात आल्या. भव्याने माझ्या हातातून पेन घेतलं आणि हा कागद पुन्हा मागितला. तिच्या मजकुरात ‘श्रीयुत’ खोडलेलं दिसेल. ते मी खोडलेलं नाही.