घोड्याचा लाल नाडा

बदनापूर,
१९ नोव्हेंबर २०२५

चिरंजीव आदिनाथ यास,
अक्काचा आशीर्वाद.

इकडे सगळं बरं आहे, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिते. चाकणला थंडी पडली असेल. तुला सकाळच्या पाळीला जावं लागतं असं तुझी वंदना फोनवर म्हणाली. कानाला रुमाल बांधत जा. लहानपणी तुझा कान फार दुखायचा.

तुझी भाची वर्षाराणी यंदा बारावीला आहे. केदारखेड्याचं शेत बटाईनं दिलंय आणि आबा दिवाळीपासून माझ्याकडे आहेत. उजवा डोळाही आता अंधूक झालाय. डाव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी ते पांघरुणाची कड चाचपत बसतात. पोटातल्या दुखण्याला डॉक्टरांनी महिना-दोन महिने सांगितले आहेत. फोन करणार होते. पण तू माझा आवाज ऐकून "बोल अक्का" म्हणतोस आणि मग मला हवापाण्याशिवाय काही बोलता येत नाही. म्हणून हे पत्र.

परवा मक्याच्या कणसाचा वास आला आणि आबा एकदम बंदुकीवर बोलायला लागले. ठासणीची बंदूक, परवान्यावर आजोबांचं नाव, निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, सगळं. मला जालन्याचं ते बंदुकीच्या दारूचं दुकान आठवलं. सिराजोद्दीन चाचा चिमूटभर दारू कागदावर टाकून काडी लावायचे. भप्प व्हायचं, आणि कागद पांढराच. मी फ्रॉकातली पोर, डोळे विस्फारून बघायचे. ते म्हणायचे, "बेटी, अच्छी बारूद वो, जो जल जाए और कागज को खबर न हो." ही ओळ मी मनात खूप वेळा म्हटली आहे.

आबा जाड दाण्याची दारू घ्यायचे. तुला बारीक दाण्याची हवी होती, कारण रानडुकरांचा कळप ओढ्याच्या पलीकडच्या काठावर उभा राहायचा आणि आपले छर्रे अलीकडेच विरायचे. तू तेलाचा रिकामा डबा पलीकडच्या बाभळीला टांगलास. एक बार जाड दारूचा, एक बारीकचा, दर वेळी डबा उतरवून भोकं मोजायची. बारीकची दोन भोकं जास्त आली तेव्हा तू सगळ्या गल्लीत डबा फिरवलास. आबा म्हणाले, "डबा खात न्हाई मका. नळी फुटली की दोन भोकं कुठं घालशील?" त्यावरून तुमचं महिनाभर वाजत होतं. शेवटी तू ऐकलंस. दारू जाडच राहिली आणि माप तेच, आबांच्या बांबूच्या नळकांडीचं. ऐकलंस हे मला माहीत होतं. आबांना ते खरं वाटलं नाही.

आदिनाथ, इथवर लिहून मी उठले, कणीक मळली, परत आले.

त्या दिवशी महालक्ष्म्या उठल्या होत्या आणि मी दोन दिवसांसाठी माहेरी आले होते. दुपारी पलीकडच्या मक्यात डुकरं शिरल्याचा सांगावा आला. तू खतासाठी भोकरदनला गेला होतास, आबा रानात होते. मी बंदूक भरून ठेवली. लहानपणापासून भरायचे, माझा हात स्थिर म्हणून आबाच मला बसवायचे. भरल्यावर आपल्या घरच्या रीतीप्रमाणे बंदुकीच्या घोड्याला लाल नाडा बांधला. पोळ्याच्या गोंड्यातला नाडा आबा त्यासाठीच वर्षभर जपायचे. नाडा असला की भरलेली, नसला की रिकामी. नळीत गज घालून पाहायची आपल्याकडे कुणाला गरजच पडली नाही.

तेवढ्यात आमची बदनापूरला परतायची जीप वेळेच्या आधी आली. वर्षाराणी सहा वर्षांची, वेणीची रिबीन हरवली म्हणून दारात बसून रडत होती. मी घोड्याचा नाडा सोडला आणि तिच्या वेणीला बांधला. दुसरा बांधते म्हणाले. जीपवाला भोंगा वाजवत होता.

मी दुसरा बांधला नाही.

संध्याकाळी आबांनी तुला बंदूक भरायला सांगितली. तू घोडा पाहिला, नाडा नव्हता. तू एक माप घातलंस. माझं एक आधीच आत होतं.

आबांच्या हातात नळी फुटल्याचा फोन आला तेव्हा मला नाड्याचं सुचलं नाही. खरं सांगते, सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात निघताना वर्षाराणीची वेणी सोडली आणि नाडा हातात आला. मग तिथे गेले. आबांच्या डोळ्यावर पट्टी होती. ते सगळ्यांदेखत म्हणत होते, लांब पल्ला पाहिजे होता न त्याला, घातली दुप्पट. तू भिंतीला टेकून एकच म्हणत होतास, "अक्का, तू तरी सांग. मी एकच माप घातलं." नाडा माझ्या मुठीत होता. मी तुझ्यासाठी चहा आणायला गेले.

त्यानंतर तू गाव सोडलंस. अकरा वर्षं मी रोज उद्या सांगू म्हणत आले.

आता उद्या उरला नाही. मागच्या सोमवारी आबा म्हणाले, "मला शेवटचं पाणी आदिनाथच्या हातचं नको. भावकीतल्या अप्पारावच्या पोराला सांगून ठेव." मी हो म्हणाले. हो म्हटल्यावर मला माझीच भीती वाटली.

हे पत्र टपालात टाकण्याआधी मी आबांना वाचून दाखवणार आहे. नाही तर हेही मी फाडून टाकीन.

२० नोव्हेंबर

वाचलं. ते भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. मला वाटलं झोप लागली. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "नाडा कुठंय?" मी ट्रंकेतून काढून त्यांच्या बोटांत दिला. त्यांनी तो टोकापर्यंत चाचपला. मग म्हणाले,

"मंग त्यानं माप बराबर घेतल्तं."

एवढंच. आज सकाळपासून त्यांनी माझ्या हातचा चहा घेतलेला नाही. वर्षाराणीनं दिला की घेतात. तिला मात्र त्यांनी विचारलं, पुण्याहून येणारी गाडी बदनापुरात किती वाजता थांबते.

तेव्हा तू ये, आदिनाथ. लवकर ये. दार वर्षाराणी उघडेल. मी समोर असावं की नसावं, ते तू तिला कळव, मी तसं करीन.

अक्का असं खाली लिहायला हात होत नाही, म्हणून नुसतं
रेणुका