बारीचं घड्याळ

शिनोली

प्रिय आदेश,

शेजारचा पप्पू उद्या पुण्याला येतोय, त्याच्या हाती हे पत्र आणि एक पुडी पाठवतोय. पत्र आधी वाच. फोनवर तू हसून विषय बदलशील आणि माझ्याच्यानं सांगणं व्हायचं नाही.

आबांनी मला, थोरल्या लेकाला, सोडून ते जपानी घड्याळ तुला दिलं, त्या दिवसापासून माझा नुसता जळफळाट चाललाय. पंच्याऐंशी सालापासून, शर्यती बंद होत्या ती वर्षं सोडली तर, बैलगाड्यांच्या घाटातल्या चढावर त्यांनी त्यावरच बाऱ्या मोजल्या, एकेका गाड्याची धाव. निशाण पडलं की बटण, गाडा माथ्यावर गेला की पुन्हा बटण. ते बघतच मी मोठा झालो आणि घोडेगावात दुरुस्तीचं दुकान टाकलं. चावीच्या घड्याळांचे शौकीन सेलच्या घड्याळांना नाकं मुरडतात. पण प्रत्येक काट्याला वेगळी इवलीशी मोटर, बटण दाबलं की काटा झपकन शून्यावर, आणि सुटे भाग आता कुठेच नाहीत, ही गंमत तुला कुणी शिकवली? मीच ना! तसलंच एक माझ्याकडे आहे, पण त्यानं कधी घाट पाहिला नाही. आबांना विचारलं तर म्हणाले, "तुज्याकडं लई घड्याळं हायेत. आदेश इचारतो तरी, कोणत्या बारीला काय झालं व्हतं." मी कधी विचारलं नव्हतं, हे खरं.

तुझ्याकडे पोचताच ते बंद पडलं. मशीनच गेलं समजून तू ते कपाटात जपून ठेवलंस, हे मला पप्पूकडून कळलं; तू मला चकार शब्दानं बोलला नाहीस. परवा आबांनी फोनवर विचारलं, "चालतंय का रं?" तू म्हणालास, "पळतंय आबा, खोंडावानी!" म्हातारा दिवसभर खुशीत होता.

मशीन गेलेलं नाही, आदेश. तुला देण्याआधी आबांनी ते नवा सेल टाकायला माझ्याकडे दिलं होतं. मी मरायला टेकलेला सेल टाकला. तुझ्या हातात ते बंद पडावं, एवढंच मनात होतं. मेलेला सेल पाझरतो आणि सर्किट खातो, हे रोज गिऱ्हाइकांना सांगणारा मीच, आणि दोन महिने गप्प बसलो. पुडीत नवा सेल आहे. आजच झाकण उघड. आत हिरवट डाग दिसला तर घड्याळ पप्पूबरोबर परत पाठव, माझ्या घड्याळाचं सर्किट काढून त्यात बसवतो. डाग नसेल तर सेल टाक आणि फोन आबांना लाव, मला नको. 'पळतंय' म्हण. या खेपेला ते खरं असेल. मी शेजारीच बसलेला असेन, जळत.

तुझाच,
जयवंत