एका वाक्यात उत्तर लिही

लातूर,
६ जुलै २०२५

ती. सौ. मालूआत्यास,
इराचा शि. सा. नमस्कार.

वसतिगृहात मोबाइल चालत नाही. घरचा फोन महिन्यातून एकदा, दुसऱ्या रविवारी, तोही पाच मिनिटं. म्हणून हे पत्र. आत्या, मला भीती वाटते. तू नांदेडला सातवीलाच मराठी शिकवतेस, म्हणून तुला सांगते. आईबाबांना कळवू नकोस.

बजरंग सर रोज कथेची उजळणी घेतात. मी उतारा खडाखड वाचते, वाचून झालं की डोक्यात काहीच उरत नाही. काल सरांनी विचारलं की बैल कुणाचा हरवला, तर मी गावाचं नाव सांगितलं. सगळा वर्ग हसला. अकरा ऑगस्टला चाचणी आहे. मागे राहतील त्यांना पाचवीच्या मुलांत बसवणार आहेत.

धर्माबादला आई पोळ्या लाटायची तेव्हा मी तिला पेपर वाचून दाखवायचे. ती म्हणायची की जरा दम खा गं, बस सुटत नाहीये. मला वाटायचं, चिडवतेय.

लवकर लिही, आणि माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझी,
इरा

*

नांदेड,
१० जुलै २०२५

चि. इरास,
अनेक आशीर्वाद.

अगं, तुझे बाबा, म्हणजे आमचा आलोक, सातवीत अगदी असाच वाचायचा. एकदा उताऱ्यात वारलेल्या माणसाचं त्याने उत्तरात लग्न लावून दिलं होतं. तरी आज तहसील कचेरीत फायली वाचतोच ना!

माझ्या वर्गाला सांगते तेच तुला सांगते. प्रत्येक परिच्छेदाला थांब आणि स्वतःला विचार: कोण आहे? कुठे आणि कधी घडतंय? काय अडलंय? शेवटी काय झालं? बोटांवर मोजून सांगता आलं तरच पुढे जा. आणि एक प्रश्न माझा, तो पुस्तकात नाही. इथे कोण असायला हवं होतं आणि दिसत नाही? बैल हरवला आणि मालक शोधायला गेलाच नाही, तर खरी गोष्ट तिथे असते.

सराव कशावरही कर. घरून आलेल्या पत्रांवर कर. आलोकची पत्रं सोपी असतात, त्याला काही लपवता येत नाही.

पाचवीत बसलीस तरी आमचीच आहेस. लोभ आहे, तो वाढता ठेव.

मालूआत्या

*

लातूर,
रविवार, १० ऑगस्ट २०२५

ती. सौ. मालूआत्यास,
शि. सा. नमस्कार.

उद्या चाचणी. सरावात वीसपैकी सोळा मिळाले. तुझी युक्ती चालली. पण मी ती बाबांच्या पत्रांवर केली आणि आता मला उद्याची भीती वाटतच नाही, दुसरीच वाटते.

जुलैच्या शेवटापासून तीन पत्रं आली. कोण आहे? बाबा, शेजारच्या नीलम्मा आजी आणि मांजर. काय घडतं? आजी डबा आणून देतात, बाबा वरणाला फोडणी द्यायला शिकले, मांजरीला तीन पिल्लं झाली. कुठे? वर धर्माबाद लिहिलंय, पण तिन्ही पाकिटांवर शिक्का नांदेडचा आहे.

कोण दिसत नाही, ते तुला माहीत आहे. बाबांच्या प्रत्येक पत्राच्या समासात आई दोन ओळी लिहिते. या तिन्हींत समास कोरा आहे. आई घरी असेल तर डबा कशाला लागतो? आज फोनवर बाबा म्हणाले की तिचा घसा बसलाय. मी म्हटलं, मग नुसतं हं म्हणू दे. फोन कट झाला.

परवाच्या तुझ्या पत्रातही नागपंचमीचं सगळं होतं, बाबा तुझ्याकडे जेवले हेसुद्धा. आई आली होती का, ते नव्हतं.

दानम्मा मावशी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून येऊन म्हणाल्या की पोरी, लई विचार करू नको. मला जेवण जात नाही. आत्या, माझी आई जिवंत आहे का? एका वाक्यात उत्तर लिही.

इरा

*

नांदेड,
१४ ऑगस्ट २०२५

चि. इरास,
अनेक आशीर्वाद.

तुझी आई जिवंत आहे.

आता बाकीचं. तिच्या पोटात गाठ आहे. वीस जुलैपासून ती इथे दवाखान्यात आहे, येत्या सोमवारी ऑपरेशन आहे. गाठ कसली, ते काढल्यावरच कळेल असं डॉक्टर म्हणतात. मीही घाबरले आहे, इरा. वर्गात शिकवता शिकवता वाक्य विसरते.

तुला तो सराव सांगितला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. चाचणी होईपर्यंत तुला कळवायचं नाही, हे आलोकने आणि मी ठरवलं. इंदूवहिनींना, तुझ्या आईला, ते पटलं नव्हतं. त्या म्हणाल्या की लिहीन तर खरं लिहीन. म्हणून आम्ही त्यांच्या हाती पेन दिलं नाही. माझी चूक झाली, बाळा.

उद्याचं झेंडावंदन झालं की बाबा तुला न्यायला येतील. तोंडाने सांगणं त्याला जमणार नाही, म्हणून हे पत्र त्याच्याच हाती देते. त्याच्यावर रागाव, पण आधी पाणी दे.

आज वहिनींनी पेन मागून घेतलं. समास मुद्दाम मोठा सोडलाय. माझ्यावर जमेल तेव्हा पुन्हा लोभ कर.

मालूआत्या

*(समासात, तिरक्या अक्षरात)*

इरू, मला फार भीती वाटते गं. तुझं धड्यांचं पुस्तक घेऊन ये आणि जवळ बसून वाच. सावकाश वाच. मध्ये थांबलीस की मी विचारीन, कोण आहे म्हणून. — आई